बोटीवरच्या शिध्याबद्दल

सांगली

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

मॉरिशसपर्यंतच्या शिडाच्या बोटीसाठी केलेली तुझी शिध्याची यादी वाचली. जिन्नस बरोबर आहेत, भरलेत मात्र घरच्या फडताळासारखे. पोह्यांचा एक मोठा डबा, डाळीचा एक, रव्याचा एक. समुद्रावरच्या दमट हवेत मोठा डबा दिवसातून चारदा उघडलास तर पंधरवड्यात सगळा माल सादळेल.

हरिपूरची हळदीची पेवं, ती जमिनीतली खोल कोठारं, तू पाहिली आहेस. तोंड लिंपलं की आत वारा नाही, ओल नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं तरी हमाल लगेच उतरत नसत. आधी कंदील सोडत, विझला तर थांबत. इतकी ती हवा कोंडलेली. आणि पेव फोडलं की माल काढूनच घ्यायचा, थोडा काढून पुन्हा लिंपायचं नाही. तुझा शिधाही तसा भर. एका आठवड्याचं सगळं एका घट्ट झाकणाच्या पिंपात, आत रोजच्या वेगळ्या पिशव्या. चालू पिंप संपेपर्यंत दुसऱ्याला हात नाही. महिन्याचा प्रवास म्हणता, तर सहा पिंपं भरा. वारा पडला तर मॉरिशस काही जवळ येत नाही.

रवा भाजून घे, तूरडाळीला एरंडेल चोळ. गुळाची ढेप नको, ती हवेतलं पाणी ओढून पाघळते. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच टाक, त्यांतून झुरळांची अंडी चढतात. टिनांवर काय आहे ते मार्करने लिही, कागद ओला होऊन निघतो. अंडी न धुतलेली घे. कांदे-बटाटे एकत्र ठेवू नकोस.

तासगावचा बेदाणा आईने भरपूर बांधलाय. खा, पण त्याच्यावर विसंबू नकोस. द्राक्ष वाळताना त्यातलं सी जीवनसत्त्व जवळजवळ जातं. वास्को द गामा 1498 मध्ये परत निघाला तो कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून, म्हणजे तुमच्याच समुद्रातून. आफ्रिकेचा किनारा दिसायला तीन महिने लागले. सी जीवनसत्त्वाअभावी हिरड्या सुजून इतके खलाशी मेले की पुढे माणसं पुरेनात म्हणून एक जहाज जाळावं लागलं. तेव्हा लिंबं एकेक कागदात गुंडाळून ने. कोबी चिरून ठेवू नकोस, वरची पानं काढत जा. भाजी संपली की मुगाला मोड आण. त्याला वाटीभर पाणी पुरतं.

भडंग पहिल्या दोन दिवसांत संपवा, ते काही टिकायचं नाही.

राहिलं पाणी. माणशी रोज तीन लिटर धरलं तरी चौघांना 30 दिवसांचे 360 लिटर होतात, आणि हे नुसतं पिण्या-रांधण्याचं. बटाटे उकडताना निम्मं समुद्राचं घाल, मीठही वाचेल. बोटीला टाकी एक आहे की दोन, ते मात्र तू लिहिलंच नाहीस. एकच असेल तर निम्मं पाणी कॅनमध्ये वेगळं ठेवावं लागेल. टाकी गळली तर काय करशील? आजच कळव, म्हणजे कॅन इथूनच घेऊन ठेवतो.

तुझे,
बाबा