चुकलेल्या आकड्याभोवतीचा गोल

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तुम्हाला कदाचित आठवतही नसेल. वाचनालयात तुम्ही पेपर वाचत होता आणि समोर मी प्रोजेक्टची वही घेऊन रडवेली बसले होते. आर्क्टिक समुद्रावरचा बर्फ वर्षभरात किती वाढतो-घटतो, ते साध्या गणितानं काढायचं होतं. आधी ज्यांच्याकडे गेले, त्यांतल्या एकांनी "नेटवरून उतरवून दे, कोण तपासतंय" म्हणत वाटेला लावलं. दुसरे चक्क हसले. का, तर मी विचारलं, की तिथं सगळ्यात जास्त अंधार डिसेंबरात, मग सगळ्यात जास्त बर्फ मार्चमध्ये कसा? ते हसणं अजून बोचतं.

तुम्ही हसला नाहीत. "सूर्य डोक्यावर बाराला, मग उकाडा दोन-तीनला का गं?" एवढंच विचारलंत, आणि समुद्र निवायलाही वेळ लागतो हे माझं मलाच उमगलं.

मग पाठकोऱ्या कागदावर 1981 ते 2010 ची सरासरी मांडली. मार्चमध्ये सुमारे 15.4 दशलक्ष चौरस किलोमीटर, सप्टेंबरात 6.4. मध्य 10.9, त्याच्या वर-खाली झोका 4.5, बारा महिन्यांचा एक कोसाइन, म्हणजे लाटेसारखी सारखी वर-खाली होणारी रेघ. सहा महिन्यांत 9 दशलक्ष, म्हणजे दिवसाला सरासरी 50 हजार. सहा दिवसांत महाराष्ट्राएवढा बर्फ नाहीसा! मी वाचनालयात आहे हेही विसरले होते.

डिसेंबरसाठी माझं उत्तर आलं 10.9. नोंद होती जवळपास 12.8. मी खोडरबर उचलला, तर तुम्ही तो हळूच बाजूला सरकवलात. त्या आकड्याभोवती पेन्सिलीनं गोल केलात आणि शेजारी लिहिलंत, "का?"

सर, शाळेपासून माझ्या चुकांवर लाल काटच बसत आली. चुकीला कुणी प्रश्न विचारण्याच्या लायकीचं मानलं, ते पहिल्यांदाच. त्या 'का'पायी मी रात्री जागले. शरदात उघडं पाणी झपाट्यानं गोठतं, पुढे चहूकडचे किनारे आडवे येतात आणि वाढ मंदावते. झोका दोन्ही बाजूंना सारखा नसतोच. ओळख ना पाळख, तरी तुम्ही तुमची सबंध दुपार मला दिलीत. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं शिक्षण होतं.

अंटार्क्टिकाचं गणित एकटीनं केलंय. तिथं सगळ्यात कमी बर्फ फेब्रुवारीत, सगळ्यात जास्त सप्टेंबरात. वाढायला सात महिने, वितळायला पाचच. माझा कोसाइन तिथंही चुकतोय. गुरुवारी कागद घेऊन येते. गोल तुम्हीच करा.

तुमची विद्यार्थिनी