रामकुंडाचा आकडा छापताना

मा. संपादक,
स. न.

गोदावरीच्या पाण्याचा अहवाल आला की आपल्या अंकात मोठ्या टाइपात पाण्यातल्या जंतूंचा एक आकडा येतो आणि शेजारच्या चौकटीत ‘एका जंतूचे आठ तासांत दीड कोटीवर जंतू’ अशी भर असते. मी पंचवटीत राहते, निवृत्त होईपर्यंत एका महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राची प्रात्यक्षिके घेत होते. त्यामुळे हे दोन्ही वाचून गप्प बसवत नाही.

चौकटीतला गुणाकार बरोबर आहे. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू ३७ अंशांवर, भरपूर पोषण असलेल्या ब्रॉथमध्ये (पोषक द्रवात) साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. आठ तासांत २४ पिढ्या, म्हणजे १,६७,७७,२१६. पण हाच हिशोब पूर्ण दिवसभर ओढला, तर एका जंतूची प्रजा चार हजार टनांच्या वर भरेल, तेही एका जंतूचे वजन ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग धरून! गोदाघाटावर असा ढीग अजून कुणी पाहिलेला नाही. फ्लास्कमध्येसुद्धा जंतू आधी थोडा वेळ रेंगाळतात, मग पटीने वाढतात, आणि अन्न संपले, आम्ल साचले की थांबतात. दुपटीचे सूत्र फक्त मधल्या टप्प्याचे.

शिवाय वाढ काढायची तर दोनदा मोजावे लागते. आमच्याकडे विद्यार्थी फ्लास्कमधले १ मि.लि. ९ मि.लि. सलाईनमध्ये घालायचे, त्यातले १ मि.लि. पुढच्या नळीत, असे दहा-दहा पटीने पातळ करत जायचे. दर नळीला पिपेट नवी. इथे आळस केला की आधीच्या नळीतले जंतू पुढे जातात आणि सगळे मुसळ केरात. समजा चौथ्या नळीतले ०.१ मि.लि. पोषक जेलीच्या प्लेटवर पसरले आणि दुसऱ्या दिवशी, प्लेट उपडी धरून, मागून मार्करने ठिपके देत मोजल्यावर ४२ कॉलन्या, म्हणजे एकेका जंतूपासून वाढलेले डोळ्यांना दिसणारे पुंजके, भरल्या. ४२ गुणिले १० गुणिले १०,००० म्हणजे मि.लि.मागे ४२ लाख. दोन तासांनी काढलेल्या नमुन्याच्या पाचव्या नळीतून १३४ आल्या, म्हणजे १३ कोटी ४० लाख. जवळजवळ ३२ पट, म्हणजेच पाच पिढ्या, दुपटीला २४ मिनिटे. ३० पेक्षा कमी किंवा ३०० पेक्षा जास्त कॉलन्या असलेली प्लेट हिशोबातच घ्यायची नाही. कलरीमीटरवर हेच काम दोन मिनिटांत होते, पण तो गढूळपणा मोजतो, मेलेले जंतूही त्यात आले.

नदीच्या एका नमुन्यावरून वाढ कशी काढणार? आणि नदी म्हणजे ब्रॉथ नव्हे. मैल्यातून आलेले कोलिफॉर्म (ई. कोलाय आणि त्याच्या गटातले जंतू) वाहत्या पाण्यात बहुधा मरतच जातात. तरी आकडा चढला, तर मागून ताजे सांडपाणी येते आहे असे समजावे. चौकट वाचणाऱ्याला मात्र वाटते, जंतू आपले आपणच वाढले, त्याला कोण काय करणार. नाले सोडणाऱ्यांची आयतीच सोय!

आता मोठ्या टाइपातल्या आकड्याबद्दल. नदीच्या पाण्याचा अहवाल बहुधा एम.पी.एन. (मोस्ट प्रॉबेबल नंबर, सर्वांत संभाव्य संख्या) पद्धतीचा असतो. त्यात कॉलन्या मोजत नाहीत. पाच नळ्यांत १० मि.लि., पाचांत १ मि.लि. आणि पाचांत ०.१ मि.लि. पाणी घालतात, नळ्यांतला जांभळा मॅकॉन्की ब्रॉथ (कोलिफॉर्म ओळखायचा पोषक द्रव) कुठे पिवळा झाला आणि आतल्या उलट्या छोट्या नळीत कुठे वायूचा बुडबुडा धरला ते पाहतात, आणि तक्त्यावरून १०० मि.लि.मागे संभाव्य संख्या काढतात. म्हणजे मुळातच तो अंदाज. शेवटची एकच नळी कोरी राहिली तर तक्ता १६०० सांगतो. पंधराच्या पंधरा फसफसल्या तर ‘१६०० पेक्षा जास्त’. ते दोन हजार असतील, दोन लाखही असतील. नमुना आणखी पातळ करून लावल्याशिवाय कळायचे नाही. स्नानाच्या पाण्यात फीकल (विष्ठेतले) कोलिफॉर्म १०० मि.लि.ला ५०० पर्यंत असावेत आणि २५०० ही कमाल मर्यादा. बातमीत ‘पेक्षा जास्त’ गळून नुसते १६०० छापले गेले, की पाणी मर्यादेत असल्याचे प्रमाणपत्र आपणच देऊन टाकतो.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, असे आकडे आता वारंवार छापले जातील. तेव्हा आकड्यासोबत ‘१०० मि.लि.मागे’ हे शब्द, मोजणीची पद्धत, आणि नमुना कधी घेतला व प्रयोगशाळेत कधी पोचला, एवढे द्यावे. बर्फात न ठेवता उन्हात फिरलेल्या बाटलीतून काहीही निघते. जागा हवी असेल तर ती दुपटीची चौकट काढा आणि तिथे नदीच्या वरच्या अंगाचे सोमेश्वर, मधले रामकुंड आणि खालचे तपोवन इथले एकाच दिवशीचे तीन आकडे शेजारी शेजारी छापा.

– एक वाचक, पंचवटी, नाशिक