बाकाबाईंच्या अर्जापासून झेंडा सत्याग्रहापर्यंत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑगस्ट जवळ आला की वर्तमानपत्रांत स्वातंत्र्यलढ्यावरचे लेख सुरू होतात. १८५७, टिळक, गांधीजी, १९४२. ते वाचून मुलांचा समज होतो की इंग्रजांनी जुलूम केला आणि लोक उठले. पण पिढ्यान्‌पिढ्या सोसणारे, फार तर अर्ज करणारे लोक एका टप्प्यावर ‘आता तुमचं राज्यच नको’ म्हणू लागले, ते कसं? याचं उत्तर नागपुरातच सापडतं आणि ते आपण मुलांना सांगत नाही, याची खंत वाटते.

११ डिसेंबर १८५३ रोजी नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले. गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक मान्य केला नाही आणि १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. राजवाड्याचे हत्ती, घोडे, बैल लिलावात मातीमोल भावाने गेले, जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात विक्रीला गेलं. वाड्यातलं सामान हलवायला माणसं आली तेव्हा घराण्यातल्या वृद्ध राणी बाकाबाईंनी वाड्यालाच आग लावण्याची धमकी दिली. सामान तरीही गेलं. राण्यांनी वकिलांमार्फत कलकत्त्याला दाद मागितली, तीही व्यर्थ.

एवढा अपमान झाल्यावर हे घराणं १८५७ मध्ये पेटून उठायला हवं होतं, असं कुणालाही वाटेल. १३ जून १८५७ च्या रात्री नागपूरजवळच्या टाकळीच्या इंग्रज छावणीतले देशी घोडेस्वार उठाव करणार होते. शहरातून पेटते फुगे आकाशात सोडले की निघायचं, असं ठरलं होतं. बेत आधीच फुटला आणि पुढाऱ्यांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फाशी झाली. बाकाबाई मात्र इंग्रजांच्या बाजूने राहिल्या आणि पुढे दत्तकपुत्र जानोजींना ‘राजेबहादूर’ हा किताब मिळाला. याला फितुरी म्हणणारे अनेक आहेत. मला तसं वाटत नाही. त्यांचं गाऱ्हाणं एका घराण्याचं होतं, म्हणून ते किताब आणि तनखा देऊन मिटवता आलं. स्वारांचा राग निराळा होता आणि या दोन दुःखांची गाठच पडली नाही. सरकार ज्याची त्याची समजूत वेगवेगळी काढू शकत होतं, तोवर त्याला धोका नव्हता.

अमेरिकेतही सुरुवात अर्जांनीच झाली. १७६५ च्या स्टॅम्पकराविरुद्ध ओरड करणारे वसाहतवाले स्वतःला इंग्लंडच्या राजाची एकनिष्ठ प्रजाच म्हणवत होते. जुलै १७७५ मध्ये, लढाई सुरू झालेली असतानाही, त्यांनी राजाकडे शेवटची विनंती पाठवली. राजाने ती स्वीकारलीदेखील नाही. वर्षभरात स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला.

आपल्याकडे हे वळण यायला फार वेळ लागला आणि त्यातला मोठा भाग नागपुराशी जोडलेला आहे. १८९१ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथे झालं ते ठराव आणि विनंत्यांचं. १९०७ चं अधिवेशनही इथेच व्हायचं होतं, पण काँग्रेसमधल्या जहाल गटाला अध्यक्षपदी टिळक हवे होते. वाद इतका चिघळला की अधिवेशन सुरतेला हलवावं लागलं आणि तिथे फूट पडली. डिसेंबर १९२० मध्ये मात्र याच शहरात असहकाराचा ठराव पक्का झाला, ध्येयातून साम्राज्यांतर्गत स्वशासनाची भाषा गेली आणि ‘स्वराज्य’ एवढाच शब्द राहिला. सभासद व्हायला वर्षाला चार आणे. मला हे चार आणे ठरावाइतकेच महत्त्वाचे वाटतात. विणकर, हमाल, शेतकरी, ज्याच्या नावाने आजवर कधी अर्ज गेला नव्हता, तोही आता लढ्यात आला.

१९२३ च्या झेंडा सत्याग्रहात हे दिसलं. तिरंगा घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या वस्तीत, जायला बंदी होती. १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज निघत, अडवल्या जात, तुरुंगात जात. जमनालाल बजाज पकडले गेले, पुढे वल्लभभाई पटेल आले, दूरदूरच्या प्रांतांतून माणसं येत राहिली. १८ ऑगस्टला झेंडा त्या रस्त्याने गेला. या लोकांनी स्वतःसाठी सरकारकडे काय मागितलं होतं? ना वतन, ना करमाफी. मग समजूत घालणार कशाने?

हीच गोष्ट १९२७ मध्ये शस्त्रबंदीविरुद्ध नागपुरात सत्याग्रह करणाऱ्या मंचरशा आवारींची. काँग्रेस वर्षानुवर्षं ज्या कायद्यात सवलत मागत होती, तो त्यांनी उघड मोडला. आणि १९३० मध्ये पुसदकडे बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापून अटक करवून घेतली. विदर्भात मिठाच्या सत्याग्रहासाठी समुद्र नाही, पण गवतावरची बंदी खेड्यातल्या प्रत्येक गोठ्याला जाचत होती.

माझी मागणी साधी आहे. सीताबर्डीचा किल्ला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला लोकांसाठी उघडतो आणि रांगा लागतात. त्या दिवशी रांगेतल्या मुलांच्या हाती महालापासून टाकळी, १९२० च्या अधिवेशनाचं काँग्रेसनगर आणि सिव्हिल लाइन्सपर्यंतच्या या जागांचा एक पानी नकाशा द्यावा. महापालिका आणि शाळांनी मनावर घेतलं तर हे अवघड नाही. आपल्या दैनिकाने १५ ऑगस्टच्या अंकात तो छापला तर सुरुवात तरी होईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
महाल, नागपूर