रविवारच्या बैठकीबाबत सूचना : अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहराचे ट्रेमे
सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता नेहमीच्या जागी ट्रेमे या कृष्णवर्णीयांच्या जुन्या वस्तीविषयी चर्चा होईल. १८१७ च्या नगर-हुकमाने गुलामांना रविवारी केवळ जेथे जमण्यास मुभा उरली, त्या काँगो स्क्वेअर या मैदानातील ढोल-नृत्यापासून आरंभ करू; परंतु अधिक वेळ क्लेबोर्न अव्हेन्यू या रस्त्याला द्यावा, असे मनापासून वाटते, कारण तेथील ओक वृक्षांच्या सावलीत मार्डी ग्रा या कार्निव्हलच्या सणाला कुटुंबे जमत, आणि १९६६ मध्ये महामार्गासाठी ती झाडे तोडली गेली; आज त्याच महामार्गाच्या उड्डाणपुलाच्या काँक्रीटच्या खांबांवर ओकची चित्रे रंगवलेली दिसतात. तेथील अंत्ययात्रेत दफनभूमीपर्यंत संथ आणि परतताना उसळती वाजणारी ब्रास बँडची चाल ऐकवली जाईल. कृपया वेळेवर यावे.