सुट्टी, मोबाईल आणि आमचा ओंकार

बेळगाव

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. आईचा गुडघा आहे तसाच आहे, बाकी सर्व ठीक. फोनवर हा विषय निघाला की आपण दोघेही घाईत असतो, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो आहे. शिवाय आमचे घर आतून ओळखणाऱ्यालाच हे कळेल.

काळजी ओंकारच्या मोबाईलची आहे. आमच्या शाळांना एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुट्टी लागली, तेव्हा तुमच्या कोल्हापूरच्या शाळा चालूच होत्या. आत्याची, मामाची, तुझी अशी सगळी मुले पलीकडे आणि हा नऊ वर्षांचा पोरगा इकडे भर दुपारी एकटा. आपल्या वेळी गल्ली पोरांनी भरलेली असायची, त्यामुळे सुट्ट्यांचा हा फरक कधी जाणवला नाही. आता तो बाराला मोबाईल घेऊन माजघरात आडवा झाला की चारला आई हाक मारीपर्यंत मान वर करत नाही, आणि काय पाहिलेस असे विचारले तर त्याला एकही गोष्ट धड सांगता येत नाही. मला भीती वाटते ती याची.

बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला २ तासांहून कमी अशी मर्यादा सांगितली आहे. ती घरात लागू केली, तर पहिल्याच दिवशी स्वारी जेवायला उठेना. शेवटी "पोराला उपाशी ठेवून कसली शिस्त?" म्हणत आईने स्वतःचा फोन त्याच्या ताटासमोर तांब्याला टेकवून उभा केला. तुझी बाजू घेऊन बाबांशी भांडणारी आई तुला आठवतच असेल. ती तसूभरही बदललेली नाही.

मात्र तासांहून मोठी अडचण मला वेगळीच दिसते. बाबांनी टीव्हीच्या शटरला कुलूप घातले तेव्हा तू त्यांना जेलर म्हणालास आणि त्यावरून आपण आठवडाभर अबोला धरला होता. पण त्या टीव्हीवरचा कार्यक्रम संपायचा, आणि संपला की आपण बाहेर पळायचो. या छोट्या व्हिडिओंना शेवटच नाही. एक संपायच्या आत बोट वर सरकते आणि दुसरा सुरू होतो. ते मुलाने आपणहून थांबवावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. म्हणून आता छोटे व्हिडिओ बंद. अख्खा सिनेमा किंवा क्रिकेटचा सामना चालेल, तोही बाहेरच्या खोलीत, टीव्हीवर, कोणीतरी सोबत बसून. आईला हे एकदम पटले, कारण सामना तिलाही लागतोच.

खरा फरक मात्र आपल्याकडच्या वैशाखातल्या शिवजयंतीने केला. मंडळाच्या पोरांनी चित्ररथासाठी पुठ्ठ्याच्या ढालींना सोनेरी कागद चिकटवायला त्याला बसवले. कोपरापर्यंत खळ माखलेली, केसांत कागदाचे तुकडे, आणि रात्री दहापर्यंत त्याला मोबाईलची आठवण नाही! त्याला तानाजी व्हायचे होते, मिळाला मावळा, तरी तो मिरवणुकीत शेवटपर्यंत चालला. (त्या वर्षी तानाजीची पाळी माझीच होती, हे तू अजून कबूल करत नाहीस.) मिरवणूक झाली आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच माजघर. त्याला काम हवे आणि सोबत हवी, पण आम्ही दोघे नोकरीवर असताना ती रोज कुठून आणायची?

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींची परीक्षा चांगली गेली असेल.

तुझ्या दोघांची शाळा सुटली की लगेच त्यांना निपाणीमार्गे येणाऱ्या एसटीत बसवून दे. आमची शाळा मेअखेरीस उघडते, त्यामुळे दिवस थोडेच हाती आहेत. तिघांना खानापूरला आपल्या मामांकडे नेतो. तिथे करवंदे आहेत, फणस आहेत आणि अंगणात झोपायला भरपूर जागा आहे. त्यांचे मोबाईल मात्र तुझ्याकडेच ठेव. गाडीची वेळ कळव, मी स्टँडवर येईन.

तुझा,
विनायक