अकरा वेळा बरोबर, ‘सलग’ चूक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विधानसभेत दीर्घकाळ राहिलेल्या आमदारांवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. आमच्या सांगोल्याच्या (जि. सोलापूर) भाई गणपतराव देशमुखांना, म्हणजे आमच्या आबासाहेबांना, त्यात मानाची जागा दिलीत, त्याबद्दल आभार. पण ‘सांगोल्यातून सलग अकरा वेळा’ असं जे छापलं आहे, त्यातला एक शब्द चुकीचा आहे. अकरा वेळा बरोबर. सलग नाही. ही चूक मी याआधीही अनेक ठिकाणी वाचली आहे आणि दर वेळी दुर्लक्ष केलं. या वेळी लिहायला बसलो, कारण शेजारच्या नववीतल्या मुलाने भाषणस्पर्धेसाठी तेच वाक्य पाठ केलं होतं आणि मला म्हणून दाखवलं.

हिशेब साधा आहे. १९६२ आणि १९६७ अशा दोन निवडणुका आबासाहेब जिंकले. १९७२ ला हरले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. मग १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला पुन्हा हरले. नंतर १९९९, २००४, २००९, २०१४. बोटांवर मोजा, अकराच भरतात, तेही पोटनिवडणूक धरली तर. २०१९ ला वयामुळे ते उभेच राहिले नाहीत आणि ३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात वारले.

एका शब्दासाठी एवढं पत्र कशाला, असं आपल्याला वाटेल. पण ज्या दोन वर्षी ते हरले, त्या दोन्ही वेळा आमच्या तालुक्याच्या आयुष्यातल्या फार अवघड वेळा होत्या. ‘सलग’ म्हटलं की त्या पुसल्या जातात.

१९७२ सालची विधानसभेची निवडणूक मार्चमध्ये झाली. बांगलादेशाच्या युद्धानंतरची हवा होती. २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला मिळाल्या. सांगोल्यातून काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील निवडून आले. त्यानंतरचा पाऊस आलाच नाही. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. आई आणि वडील दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मी शाळा सुटली की पाण्याची घागर घेऊन जायचो. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची, म्हणून आई कोमट पाण्यात पीठ भिजवून मग मळायची. मस्टरवर अंगठा उठवला तरी पगार कधी होणार ते मुकादमालाही सांगता यायचं नाही. आमच्या दावणीची दोन खिलार जनावरं त्या उन्हाळ्यात गेली. वडील नंतर कितीतरी दिवस रिकाम्या दावणीपाशी जाऊन बसत.

आता सांगतो की हे या पत्रात का लिहिलं. त्या दीड-दोन वर्षांत आबासाहेब आमदार नव्हते. राज्यभर शेकाप (आबासाहेबांचा शेतकरी कामगार पक्ष), लाल निशाण, कम्युनिस्ट अशा पक्षांचे मोर्चे निघत होते, दुष्काळी मजुरांची मागणी रस्त्यावर होती. पण तारांकित प्रश्न, लक्षवेधी, कपात सूचना ही सगळी हत्यारं सभागृहाच्या आत चालतात, आणि त्या आत त्यांना जागा नव्हती. साळुंखे-पाटलांच्या निधनानंतर १९७४ ला पोटनिवडणूक झाली आणि लोकांनी आबासाहेबांना परत पाठवलं. माझ्या वडिलांनीही त्यांनाच मत दिलं. त्या दिवशी गावातली सगळी कामकरी माणसं हजेरी बुडवून मतदानाला गेली होती, एवढं मला स्वच्छ आठवतं.

पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. १९७७ ला तो मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्याचे जनक वि. स. पागे, ते श्रेय त्यांचंच आहे. पण काम मागणं हा हक्क आहे, उपकार नव्हे, ही गोष्ट कायद्यात येण्याआधी खडी फोडणाऱ्यांनी रस्त्यावर सांगून झाली होती. आबासाहेबांची राजकीय जडणघडण त्यांच्यातली आहे. १९७७-७८ मध्ये ते विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. फेब्रुवारी १९७८ ला मी एकवीस वर्षांचा झालो होतो (तेव्हा मताचं वय एकवीस होतं) आणि माझं पहिलं मत त्यांना दिलं. त्याच वर्षी पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार आलं आणि ते मंत्री झाले. मंत्री असूनही सांगोल्यात ते आबासाहेबच राहिले, साहेब कुणी म्हटलं नाही.

दुसरा पराभव १९९५ चा. तो माझ्या जास्त जिव्हारी लागलेला आहे.

मी तोपर्यंत प्राथमिक शिक्षक झालो होतो. फेब्रुवारीत निवडणूक लागली आणि मला मतदान अधिकारी म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या एका केंद्रावर नेमलं. असं नेमलं की आपल्या गावी जाऊन मत देता येत नाही, टपाली मत द्यावं लागतं. प्रशिक्षणाच्या दिवशी नमुना १२ चा अर्ज वाटला होता. तो भरायचा, मग मतपत्रिका येते, घोषणापत्रावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही घ्यायची, दोन पाकिटांत घालून पाठवायची. मी अर्ज घेतला, पिशवीत ठेवला आणि भरला नाही. आबासाहेब निवडून येतातच, माझ्या एका मताने काय होतंय, असं माझ्या मनात होतं. एवढंच कारण होतं, दुसरं काही नाही.

ते १९२ मतांनी पडले.

शहाजीबापू पाटील त्या वेळी निवडून आले. ते आबासाहेबांशी पुन्हा पुन्हा लढले, हरले, पुन्हा उभे राहिले, आणि लोकांनी दिलेला तो विजय त्यांचा हक्काचा होता. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार माझी माझ्याशी आहे. माझ्यासारख्या नोकरीतल्या १९२ माणसांनी अर्ज पिशवीतच ठेवला असेल का, हा प्रश्न मी किती वेळा स्वतःला विचारला असेल त्याला गणती नाही. त्याचं उत्तर मिळणार नाही. पण त्यानंतर निवृत्तीपर्यंत एकही निवडणूक अशी गेली नाही की मी तो अर्ज त्याच दिवशी, त्याच खोलीत बसून भरला नाही.

आणि पुन्हा काळ बघा कुठला. कृष्णा पाणीतंटा लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं. ते २००० सालाच्या आत वापरात आणायची राज्यात धावपळ चालली होती. त्यासाठी १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांवर आमच्या तालुक्याची आशा होती. नीरा उजव्या कालव्याचं आम्ही शेपूट. शेपटाला पाणी किती येतं ते ज्याचं रान शेपटाला आहे त्यालाच विचारावं. माण नदी वर्षातले बहुतेक दिवस वाळूच दाखवते. अशा वेळी, नेमक्या १९९५ ते १९९९ च्या काळात, पाण्यावर सगळ्यात जास्त बोललेला आमचा माणूस सभागृहाबाहेर होता. आटपाडीच्या पाणी परिषदांमध्ये नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीने ते उभे राहिले आणि तेरा दुष्काळी तालुक्यांची मागणी तिथून मांडत राहिले. पण मंडपातून केलेला ठराव आणि सभागृहात मंत्र्याला द्यावं लागणारं उत्तर यांत फरक असतो. हे मी शिक्षक म्हणून सांगतो. आमच्या शाळेच्या खोल्यांसाठी मी दोन्ही करून पाहिलं आहे.

१९९९ ला ते परत आले. तेव्हा त्यांचं वय सत्तरीच्या पुढे होतं. पराभवानंतर चार वर्षं थांबून, त्याच लाल बावट्याखाली, त्याच लोकांपुढे. मला त्यांची थोरवी इथे दिसते. हरल्यावर दुसऱ्या पक्षाचं दार सांगोल्यातल्या एखाद्या वकिलाला आणि माजी मंत्र्याला बंद नव्हतं. १९६२ ला शेतकरी कामगार पक्षाचे १५ आमदार निवडून आले होते, विधानसभेच्या २६४ जागांत. २००४ ला फक्त २ आले, २८८ मध्ये. पक्ष असा डोळ्यांदेखत आटत असताना ते त्यातच राहिले. विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात त्यांना जागा होती, आणि पुढे पक्षाने त्या सरकारचा पाठिंबा काढला तेव्हा ते पक्षाबरोबर राहिले.

एसटीच्या प्रवासाबद्दल आपण लिहिलंय, ते खरंच आहे. लाल गाडीत आमदारांसाठी राखीव म्हणून रंगवलेली जागा असते, तिच्यावर खरोखर आमदार बसलेला आमच्या पिढीने पाहिला तो त्यांच्यामुळे. मात्र साधेपणावरच लेख संपवू नये. नुसत्या साधेपणावर माणूस अर्धं शतक निवडून येत नाही. सूतगिरणी उभी केली, ती चालवली, तिच्यात आमच्या भागातल्या पोरांना काम मिळालं. डाळिंबाच्या बागा आल्या, पाण्याचा प्रश्न सुटला नाही तरी हलला. त्याचा तपशील कुणीतरी कामकाजाच्या अहवालांतून, प्रश्नोत्तरांच्या यादीतून शोधून काढायला हवा. आपल्या वार्ताहरांनी तो काढला तर तालुका ऋणी राहील.

आणखी एक दुरुस्ती. ‘देशातला विक्रम’ हेही लेखात आहे. तमिळनाडूत करुणानिधी तेरा वेळा आमदार झाले, एकदाही हरले नाहीत, पण मतदारसंघ बदलत गेले. केरळात पाला या एकाच मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा आणि पुतुप्पल्लीतून ओमन चंडी बारा वेळा निवडून आले, आणि त्यांचं मात्र सलग आहे. आबासाहेबांना मोठं करण्यासाठी या कुणाला झाकायची गरज नाही. ते स्वतः असं काही छापून आलेलं पाहून खूश झाले असते असं मला वाटत नाही, पण ते माझं मत झालं.

२०१९ ला त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख निवडून आले, शेकापचे सभागृहातले एकुलते एक आमदार म्हणून. ती त्यांची पहिली खेप आहे, ती आजोबांच्या अकरात मिळवून बारा कुणी करू नये. गावात असं बोललं जातं म्हणून आधीच सांगून ठेवतो. नातवाचा हिशेब नातवाच्या कामावर होऊ द्यावा.

७६८ चा आकडा आला त्या रात्री मला पुन्हा १९२ आठवले. माझी सून शिक्षिका आहे. २०२४ ला तिची नेमणूक दुसऱ्या मतदारसंघात होती. आता प्रशिक्षणाच्या ठिकाणीच मत देण्याची सोय झाली आहे, पाकिटं टपालाने पाठवत बसायचं काही राहिलेलं नाही. ती घरी आली तेव्हा मी पहिल्यांदा तेवढंच विचारलं की मत दिलंस का. कुणाला, ते विचारलं नाही. ‘दिलं,’ म्हणाली.

शेजारच्या मुलाचं भाषण पुढच्या शनिवारी आहे. त्याने कागदावर ‘सलग’ खोडलं आहे, पण त्याच्या शिक्षकांनी तुमच्या अंकाचं कात्रण दाखवून तो शब्द परत लिहायला सांगितला, असं तो म्हणाला. तेव्हा दुरुस्ती त्याआधी छापता आली तर फार बरं होईल. छापताना दोन्ही सालं द्यावीत, १९७२ आणि १९९५.

आपला नम्र,
सांगोला तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक