सुभेदार हे आडनाव नव्हे, हुद्दा!

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका नायब सुभेदारांच्या अंत्यसंस्काराची बातमी होती. मथळ्यात ‘जवान’, मजकुरात ‘लष्करी अधिकारी’ आणि छायाचित्राखाली ‘लेफ्टनंट’. एका माणसाला एकाच बातमीत तीन हुद्दे!

जवान म्हणण्यात कमीपणा नाही, मीही शिपाई म्हणूनच भरती झालो. पण लान्स नाईक, नाईक, हवालदार करत खांद्यावर पहिला तारा लागायला मला अठरा वर्षे लागली. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर हे जेसीओ, म्हणजे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर. जवान त्यांना सॅल्यूट करतात आणि ते लेफ्टनंटला करतात. तो लेफ्टनंट पोराच्या वयाचा असतो, तरी तोही ‘साब’ म्हणूनच हाक मारतो. सुभेदाराला दोन तारे, लेफ्टनंटलाही दोनच. घोटाळा बहुधा तिथेच होतो. जेसीओच्या खांद्यावर ताऱ्यांसोबत लाल-पिवळी पट्टी असते, तेवढी पाहिली तरी पुरे.

हे शब्द तर आपल्याच घरातले. शिवकाळात हवालदार म्हणजे गडाचा मुख्य, आज तो बाहीवर तीन फिती लावतो. (पोलिसातल्या प्रत्येक शिपायाला आपण हवालदार म्हणतो, ते वेगळेच.) सुभेदार सुभ्याचा कारभार पाही, आता प्लाटून, म्हणजे जवानांची तुकडी सांभाळतो. नायब सुभेदाराला १९६५ पर्यंत जमादार म्हणत.

निवृत्तीनंतर एका बँकेत अर्ज भरताना खिडकीवरच्या मुलीने हुद्दा विचारला. मी म्हणालो, “सुभेदार.” ती म्हणाली, “काका, आडनाव लिहिलंय मी, हुद्दा सांगा.” तिचा तरी काय दोष? १९४४ साली इटलीत धारातीर्थी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांना आमच्या गावच्या सभेत एका वक्त्याने सरळ ‘यशवंतराव नाईक’ करून टाकले होते. टाळ्याही पडल्या.

वार्ताहरांनी पहिल्या उल्लेखात पूर्ण हुद्दा लिहावा, एवढीच विनंती. शंका असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात एक फोन करावा. आणि त्या बातमीची दुरुस्ती छापावी. घरच्यांनी कात्रण जपून ठेवले असेल, त्यावर ‘लेफ्टनंट’ राहायला नको.

आपला,
एक निवृत्त सुभेदार, सातारा